अतिथीला तिथी आली

पालीला समुद्र नाही. सुधागड तालुक्याचं हे मुख्य गाव सरसगडाच्या पायथ्याशी वसलेलं आहे आणि त्याची ओळख बल्लाळेश्वरामुळे. तरीही रायगडच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी काय चालतं याचा अंदाज घ्यायला पाली ही उत्तम जागा आहे. घाट उतरून आलेल्या पुण्याच्या गाड्या खोपोलीहून चाळीसेक किलोमीटर येऊन इथे थांबतात. दर्शन होतं, चहा होतो, आणि मग वाकणला मुंबई-गोवा महामार्ग गाठून कोणी मुरूडकडे वळतं, कोणी अलिबागकडे. यातल्या बऱ्याच गाड्या हॉटेलच्या दिशेने जात नाहीत, ओळखीच्या घराकडे जातात. रेवदंड्याला बाबांचे जुने स्नेही असतात, नागावला कॉलेजातल्या मैत्रिणीचं सासर असतं, मुरूडला बँकेतल्या सहकाऱ्याने निवृत्तीनंतर बांधलेलं घर असतं. पालीहून फोन जातो, ‘निघालोय, जेवायला पोचतोच. काही करत बसू नका हं, साधंच करा.’ हे वाक्य प्रेमाचंच असतं. पण आजच्या किनाऱ्यावर ते प्रेम कोणाच्या कष्टांवर चालतं, हा प्रश्न विचारायची वेळ आली आहे. माझं म्हणणं असं की कौटुंबिक स्नेह टिकवायचा असेल तर पाहुण्याने जेवायला मित्राकडे जावं, पण झोपायला शेजारच्या घरगुती सोयीत पैसे देऊन राहावं.

हे ऐकायला कोरडं वाटतं, कारण आपल्या मनातला पाहुणचार जुन्या प्रवासाच्या काळातला आहे. त्या काळी किनाऱ्यावर पोचणं हेच मोठं काम होतं. मुंबईहून रेवसला बोटीने जायचं, तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने. पावसाळ्यात तो मार्ग किती बेभरवशाचा असे, हे १७ जुलै १९४७ रोजी दिसलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग-पेण पट्ट्यातल्या गावांमध्ये त्या दिवसाची आठवण अजून निघते. सुट्टीही तुटपुंजी होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवार मिळाला. एका रविवारात रेवसला जाऊन परत येणं कोणाला जमणार? म्हणून पाहुणा यायचा तो गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात. आला की आठ-पंधरा दिवस राहायचा, आणि इतके दिवस राहणारा माणूस पाहुणा उरतच नसे. तो विहिरीवरून पाणी आणी, वाडीत शिंपणं करी, बायका पापड-कुरडयांना हात लावत. अंतर आणि समुद्र हे दोघे त्या पाहुणचाराचे राखणदार होते. ते माणसाला वरचेवर येऊ देत नसत, आणि आला की कामाला लावत.

संस्कृत शब्दच पाहा. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्याची फोड आपण लहानपणापासून ऐकत आलो. मनुस्मृतीची व्याख्या आणखी काटेकोर आहे. तिच्या लेखी एक रात्र राहणारा तो अतिथी. आपल्या लोकांनीही हीच मर्यादा म्हणीत बसवली. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई आणि तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याची अक्कल गेली. म्हणजे सढळ पाहुणचार हा दोन कुंपणांमध्ये होता. तो अवचित आणि क्वचित येणाऱ्यासाठी होता, आणि थोडक्यात आटपत होता. आताच्या पाहुण्याला मात्र ठरलेली तिथी आहे, ती म्हणजे शनिवार. राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्यानंतर पंधरवड्यातच, १५ मार्चला, भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. गाडी बोटीत चढवायची आणि तासाभराने मांडव्याला उतरवायची. लगेच टाळेबंदी आली म्हणून या जोडीचा परिणाम दिसायला थोडा वेळ लागला, इतकंच. पुढे १२ जानेवारी २०२४ रोजी जवळपास बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि मुंबईहून पेण-अलिबागची वाट आणखी सोपी झाली. रस्ते झाले याबद्दल तक्रार नाही, ते व्हायलाच हवे होते. पण राखणदार गेले, आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

यजमानाच्या घरात याचा अर्थ काय होतो? रविवार त्यांचाही असतो, हे आधी लक्षात घ्यावं. किनाऱ्यावरच्या गावात राहणारी शिक्षिका, तलाठी, दुकानदार यांनाही आठवड्यातून एकदाच उशिरा उठायला मिळतं. पाहुणे येणार म्हटल्यावर त्या दिवशी सकाळी सातला मासळी बाजार गाठावा लागतो. ‘साधंच करा’ म्हणणाऱ्याच्या ताटात बोंबील आणि मांदेली वाढली तर चालत नाही, त्याला सुरमई, पापलेट, आणि नशीब असेल तर जिताडं हवं असतं. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हाही ही अपेक्षा उतरत नाही. मग मासळी साफ करणं, आगळाची सोलकढी, तांदळाच्या भाकऱ्या. भाकरी तव्यावरून थेट पानात पडायला हवी, म्हणजे करणारी शेवटी जेवणार. समुद्रावरून आलेली पोरं वाळूसकट न्हाणीघरात शिरतात, आणि एप्रिल-मेमध्ये ज्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलेलं असतं तिच्यावर पंप दुप्पट चालतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. पाहणीतला हा रोजचा दिवस आहे, पाहुण्यांचा नाही. ‘वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे!’ या वाक्याने त्यातलं एक मिनिटही कमी होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, आणि तो बिनतोड वाटतो: ‘तेही आमच्याकडे येतातच की.’ खरंच येतात. गिरगाव-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्यांनी अख्खं कोकण पोसलं आहे. केईएमला दाखवायला आलेले काका, टाटा रुग्णालयात उपचार चालू असलेली शेजारीण, मुलाखतीला आलेला पुतण्या, सगळे तिथेच पथारी टाकत. भेटीगाठींचे व्यवहार परतफेडीवर चालतात, हे फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये जगभरच्या समाजांचे दाखले देऊन मांडलं. आपल्याकडे ते सांगायला पुस्तकाची गरज नव्हती. पण हिशेब नीट मांडू या. गावाहून मुंबईला येणारा अडचणीत असे म्हणून येई, आणि आज तो येतो तेव्हाही सकाळच्या बोटीने येऊन संध्याकाळी परततो, कारण रस्ते त्याच्यासाठीही सुधारले आहेत. मुंबईहून जाणारा मात्र मौजेसाठी जातो, चौघा-सहांनी जातो, आणि दर जोडून सुट्टीला जातो. गरजेच्या उपकाराची फेड मौजेने करून घेणं हा हिशेब जुळत नाही.

मग पैशांचं काय? इथे पुन्हा पालीकडे यावं लागतं. क्षेत्राच्या गावांनी हा पेच कधीच सोडवला आहे. पंढरपूर असो की नाशिक-त्र्यंबकेश्वर, यात्रेकरू उपाध्यायांच्या घरी उतरत, जेवत, आणि जाताना ऐपतीप्रमाणे दक्षिणा ठेवत. यात कोणाला कमीपणा वाटला नाही, आणि नातं तुटणं तर दूरच. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं उपाध्यायांच्या वह्यांत टिकून राहिली. पालीत आज देवस्थानचं भक्तनिवास आहे, देवळाच्या आसपास घरगुती जेवणाच्या पाट्या आहेत. माघी यात्रेला गर्दी उसळते तेव्हा भक्तांचा लोंढा ओळखीच्या घरांवर कोसळत नाही, कारण त्याला दुसरी जागा आहे. रोज अनोळखी माणूस दारात येणाऱ्या गावाला हे शहाणपण लवकर सुचलं. समुद्रकाठच्या गावांना ते सुचायला उशीर झाला, एवढाच फरक.

आता तेही आलं आहे. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, काशीद या रस्त्याने जाताना दर चार घरांमागे ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही पाटी दिसते. पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना अशा घरांसाठीच आहे. या पाट्यांमागे हौस कमी आणि गरज जास्त आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून पीक द्यायला कित्येक वर्षं घेतं. तोवर वाडीवाल्याने खायचं काय? ज्याच्या दोन खोल्या शाबूत होत्या, त्याला त्या भाड्याने देणं हाच हातातला उपाय होता. पण उत्पन्नापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. पाटीवर दर लिहिला की घरधनिणीला ‘या शनिवारी जागा नाही’ म्हणायचा हक्क मिळतो. थाळीची वेळ सांगता येते, ‘रात्री दहानंतर गाणी नकोत’ सांगता येतं. स्नेह्याच्या बायकोला यातलं एकही वाक्य उच्चारता येत नाही. पैशांनी माया आटते म्हणणाऱ्यांनी या नकाराच्या हक्काचा विचार करावा. ज्या घराला ‘नको’ म्हणता येत नाही, त्या घराचं ‘या’ खरं कसं समजायचं?

माया कुठे उरते ते पाहायचं असेल तर थंडीत पोपटीच्या दिवशी जावं. जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या शेतांत वालाच्या शेंगा भरतात तेव्हाचा हा बेत. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मग बटाटे, कांदे, अंडी, खाणाऱ्यांसाठी मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च. पाणी आणि तेल थेंबभरही नाही. मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे. चर्र झालं की पोपटी तयार. हा बेत एकटीने होत नाही. कोणी पाला आणतं, कोणी जाळ सांभाळतं, पोरं शेंगा निवडतात, आणि वाढायचं ताट नसतंच. वर्तमानपत्रावर मडकं उलटं करायचं आणि सगळ्यांनी गोल बसायचं. यजमान आणि पाहुणा हा भेदच राहत नाही. संध्याकाळ अशी एकत्र काढून रात्री पाहुणे शेजारच्या भाड्याच्या खोलीत झोपायला गेले तर मैत्रीतलं काय कमी झालं? उलट सकाळी दोन्ही घरं आपापल्या वेळेला उठली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरगुती सोयींचं पीक आलं म्हणूनच किनाऱ्याचं पाणी आटतं, कचरा साचतो, गाव विकलं जातं. मग त्यांची भलामण कशाला? यात तथ्य आहे. वाडीत चार खोल्या उठवून मध्ये निळा तरणतलाव खणला की ते घर उरत नाही, आणि त्याच्या पाण्याची किंमत शेजारची विहीर मोजते. ग्रामपंचायतींनी यावर लगाम घालायला हवा आणि तो बहुतेक ठिकाणी सैल आहे. पण फुकट उतरलेला पाहुणाही तेवढंच पाणी वापरतो, तेवढाच कचरा करतो, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही आणि त्याच्याकडून गावाला काही मिळत नाही. मालकाचं कुटुंब स्वतः राहतं, स्वतः रांधतं अशाच घरी उतरायचं, एवढं पथ्य पाहुणा स्वतः पाळू शकतो. आणि ज्यांना भाडं परवडत नाही? त्यांच्यासाठी स्नेह्याचं घर आहेच, पूर्वीसारखं. जुना पाहुणचार होता तो अडलेल्यासाठी. एसयूव्ही अंगणात मावत नाही म्हणून ती वाडीत लावणाऱ्यासाठी नव्हता.

तेव्हा पुढच्या खेपेला पालीहून फोन करूच नका, चार दिवस आधी करा. खोली घेतल्याचं सांगा, आणि जेवायला कधी येऊ असं विचारा. पालीला थांबाल तेव्हा देवळाबाहेरच्या दुकानांत मिरगुंडं आणि पोह्यांचे पापड मिळतात, ते न्या. मिठाईचे खोके त्या घरात आधीच तीन पडलेले असतात. मिरगुंडं तळायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाहुण्यालाही तळता येतात.