नभोवाणीवरील आमचा विद्यार्थी

ज्यांच्या माजघरांत अद्यापि रेडिओ आहे, अशा वाचकांस नभोवाणीवरील निवेदकाचा आवाज घरच्या माणसासारखाच परिचित असेल. परंतु त्या आवाजाच्या धन्याचा संसार कसा चालतो, याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. आम्हींहि केली नव्हती. आतां त्यांत आमचा स्वतःचा अपराध आढळल्यामुळें हें लिहावयास बसलों आहों.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं येथील, म्हणजे तुळजापूरच्या, शाळेंतील आमचा एक विद्यार्थी मराठवाड्यांतील एका नभोवाणी केंद्रावर नैमित्तिक निवेदक म्हणून निवडला गेला. त्याचे श-ष आणि न-ण आम्हींच स्तोत्रें म्हणवून घेऊन घासले होते. त्याच सुमारास त्यास एका शाळेंत शिक्षकाची जागा मिळत होती. सल्ला विचारावयास आला, तेव्हां "सरकारी दार आहे, आज ना उद्यां कायम होशील," असें आम्हीं सांगितलें. आमच्या शब्दावर त्यानें ती जागा सोडली.

नित्य कर्म रोजचें, नैमित्तिक तें निमित्त घडेल तेव्हांचें, असें आम्ही शास्त्रांत शिकलों. कचेरीनें हा शब्द अगदीं शास्त्रशुद्ध वापरला, एवढें मान्य केलें पाहिजे. आकाशवाणीच्या या निवेदकांस महिन्याकाठीं फार तर सहा ड्यूट्या (हा त्यांचाच शब्द) आणि त्यांचें मानधन मिळतें. बढती नाहीं, निवृत्तिवेतन नाहीं. पहिल्या दिवशीं जी पायरी, तीच विसाव्या वर्षीं. पहाटेच्या ध्वनिक्षेपणासाठीं तो आदल्या रात्रींच एस. टी. नें जाऊन केंद्रावर झोपे. घरीं थोरल्या भावाच्या पगारावर चूल चाले. वहिनी कधीं कांहीं बोलत नसत, हेंच त्याला अधिक लागे.

त्यांत काळ फिरला. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. तेव्हांपासून कित्येक दशकें घरोघर आवाज पोंचविण्यास दुसरें दारच नव्हतें. आतां 'न्यूज ऑन एअर' या मोबाइलवरील सोयीनें दूरदूरचीं केंद्रें कोणत्याहि गांवीं ऐकतां येतात. बी. बी. सी. नें तर ३१ जानेवारी २०२० रोजीं आपलें हिंदी रेडिओ-प्रसारण थांबविलें आणि हिंदीचें काम इंटरनेटवर चालू ठेविलें. जून २०२३ मध्यें पुणें केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपति संभाजीनगराहून देण्याचा निर्णय निघाला. ओरड झाली, तेव्हां तो स्थगित झाला. लहान केंद्रावरील नैमित्तिकासाठीं कोण ओरडणार? आमच्या विद्यार्थ्याच्या ड्यूट्या सहांवरून दोनांवर आल्या आहेत.

गेल्या महिन्यांत तो घरीं आला. गांवांतील कांहीं तरुण देवीच्या नवरात्राचें वर्णन यूट्यूबवर करतात. त्यांस त्याचा आवाज हवा आहे. पण तेथें पैसा पाहणारांच्या संख्येवर, आणि चेहरा दाखवावा लागतो.

"गुरुजी, पंचेचाळिसाव्या वर्षीं आतां चेहरा दाखवूं?"

पुराणांतील आकाशवाणी अशरीरिणी असते, तिला मुलांची फी भरावी लागत नाहीं, असें मनांत आलें, बोललों नाहीं. मागचा सल्ला आमचाच चुकला, हें प्रथम त्याला सांगितलें. मग म्हणालों, "आहेत त्या ड्यूट्या सोडूं नकोस, पण कायम होण्याची वाट पाहणें सोड. त्या मुलांकडून मानधन आधीं ठरवून घे. सकाळीं दोन शिकवण्या धर."

तो हंसला, नमस्कार करून निघाला, आणि उंबऱ्यावरून परत वळून कल्लोळ तीर्थाची माहिती दहा मिनिटांच्या वाचनापुरती लिहून मागितली. ती सध्यां लिहीत आहों.