खदान आपली, नफा कुणाचा?

महालातला भोसल्यांचा वाडा हे एके काळी नागपूरचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं. उमरेडची रेशीमकाठी धोतरं, पवनीचं बारीक सुताचं कापड, सराफांकडचं सोनं, हत्तीघोड्यांचा चारा, सगळ्याची मागणी तिथून निघायची. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला हॅमिल्टन आणि कंपनीकडे गेलं. या लिलावाला भोसल्यांच्या म्हाताऱ्या राणी बाकाबाईंनी कडाडून विरोध केल्याची नोंद आहे. तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीत निघणारा काळ्या मारबतीचा पुतळा मात्र लोक आजही इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाईशीच जोडतात. दफ्तर एक सांगतं आणि गल्ली दुसरंच.

हे राज्य गिळणारी ईस्ट इंडिया कंपनी तोवर व्यापारही करत नव्हती. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला होता, पण भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून मिळेल, अशी सोय त्याच कायद्यात होती. धंदा न करता नफा. परदेशी मालकीचा याहून निखळ नमुना शोधून सापडायचा नाही.

पुढची परदेशी कंपनी रुळांवरून आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मालक लंडनचे आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीने भरायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरचा कापूस तुटला होता, त्यामुळे वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर साऱ्यांचा डोळा होता. या मुलखाचा कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याने आपला हिशोब लपवला नाही. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आणावं, म्हणजे इथे सुतात खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतीकडे वळतील, असं त्याने सरकारी अहवालातच मांडलं. लंडनचे रॅली ब्रदर्स आणि स्वित्झर्लंडचे फोल्कार्ट ब्रदर्स कापूस खरेदीला उतरले. (यातल्या फोल्कार्टच्या भारतातल्या धंद्यातून १९५४ मध्ये टाटांच्या भागीदारीत व्होल्टास निघाली, हे घरातला एसी लावताना कुणाच्या ध्यानात येत नाही.)

पण रिव्हेट-कार्नॅकचा हिशोब निम्माच खरा ठरला. घरोघरची सूतकताई बुडाली, ती कायमची. विणकर मात्र टिकले. गिरणीचं सूत घेऊन हातमागावर रेशीमकाठी लुगडी विणणारे कोष्टी आणि मोमीन पुढे कैक दशकं नागपुरात नांदले. त्या सुतासाठी मँचेस्टरवर अवलंबून राहायचीही गरज उरली नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती. यंत्रं विलायती, मालक देशी. आसपासचे मजूर यंत्रावर काम करायला शिकले आणि कमाईतला मोठा वाटा पुन्हा हिंदुस्थानातच गुंतला. परकी यंत्र आणि परकी मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नागपूरला तेव्हाच कळायला हवं होतं.

या सगळ्यांहून मला जास्त बोलकी वाटते ती मँगनीजची गोष्ट. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघालं. पुढे त्याचंच नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झालं आणि तिची नोंदणी इंग्लंडात होती. रामटेकच्या वाटेवरच्या मनसरला शतक उलटायच्या सुमारास खोदकाम सुरू झालं. मग कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यातलं चिखला, डोंगरी बुजुर्ग, बालाघाटचं भरवेली. पोलाद कणखर व्हायला मँगनीज लागतंच. रशियाच्या ताब्यातल्या जॉर्जियातल्या खाणी १९०५ च्या धामधुमीत अडखळल्या आणि इथल्या मालाला भलता भाव आला. भूशास्त्रज्ञ लुईस फर्मोर याने १९०९ मध्ये हिंदुस्थानातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ काढला आणि त्यात इथल्या एका खडकाला गोंडांवरून 'गोंडाइट' असं नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गोंड पोचले, ते असे. खदानीत टोपल्या वाहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र रोजंदारीच आली.

कंपनीने काहीच दिलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. रोख मजुरी दिली, मुलखाची भूगर्भीय ओळख करून दिली. मनसर आणि तुमसरच्या बाजूला रूळ पोचले, तेही या मालामुळे. पण बंगाल नागपूर रेल्वे, तीही लंडनचीच, हा माल उतारावरून पाणी वाहावं तसा बंदराकडे नेत होती. १९३३ मध्ये विशाखापट्टणमचं बंदर खुलं झालं, ते बांधण्यामागे मध्य प्रांतातल्या याच मालाला जवळचा समुद्र देण्याचा हेतू होता. दगड इथून गेला आणि त्याचं फेरोमँगनीज व्हायचं ते युरोपातल्या भट्ट्यांत. खरी कमाई त्या भट्टीत होती. १९३० च्या जागतिक मंदीत मागणी कोसळली तेव्हा खदानी एकामागून एक थंडावल्या. भागधारकांचा लाभांश घटला. इथल्या माणसाला गावी परत जाण्यावाचून दुसरी वाट नव्हती.

स्वातंत्र्यानंतरही कंपनी पंधरा वर्षं तशीच चालली. १९६२ मध्ये करार होऊन मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आपली मॉयल, स्थापन झाली. ५१ टक्के भांडवल केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचं, ४९ टक्के त्याच जुन्या ब्रिटिश कंपनीचं. उरलेला हिस्सा १९७७ मध्ये विकत घेतला गेला. म्हणजे पूर्ण मालकी मिळायला स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं लागली. आज हेडऑफिस काटोल रोडला आहे, शेअर २०१० पासून बाजारात आहेत आणि वर्षाचं उत्पादन साडेसतरा लाख टनांच्या पुढे गेलं आहे.

मालक बदलला, एवढ्यावर मी समाधानी नाही. माझ्या मते खरा बदल डोंगरी बुजुर्गला झाला. तिथे याच दगडापासून कोरड्या बॅटरीत लागणारं मँगनीज डायऑक्साइड विद्युतप्रक्रियेने बनतं. टॉर्चच्या सेलमध्ये जाणारी ती काळी पूड भंडारा जिल्ह्यात तयार होते, म्हणजे किंमत वाढवणारी पायरी इथे चढली जाते. बालाघाटला फेरोमँगनीजही होतं. तरी देश आज स्वतःच्या उत्पादनापेक्षा जास्त मँगनीज दगड दक्षिण आफ्रिका, गॅबॉनसारख्या देशांकडून मागवतो. पोलादाची भूक मोठी आणि इथला वरचा, सोपा, भारी प्रतीचा थर शतकभर बाहेर गेलेला.

आजच्या नागपुरातही परदेशी पैसा आहेच. बुटीबोरीचा इंडोरामाचा पॉलिएस्टर कारखाना २०१९ पासून थायलंडच्या इंडोरामा व्हेंचर्सच्या ताब्यात आहे. कापसाच्या मुलखात कृत्रिम धागा, आणि तोही परक्या मालकीचा. रिव्हेट-कार्नॅकला गंमत वाटली असती. २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने हल्दीरामच्या नमकीन व्यवसायात सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. त्यात दिल्लीबरोबर नागपूरची शाखाही आली. पण नफ्याचा एक भाग बाहेर गेला तरी शेव तळायचं कसब आणि बहुतांश मालकी इथेच राहिली.

नागपुरातल्याच मिहान प्रकल्पात बोइंगने उभारलेलं विमानदुरुस्ती केंद्र मला यांत सर्वांत शिकवणारं वाटतं. एअर इंडियाने बोइंगकडे विमानांची मोठी ऑर्डर दिली, तेव्हा भारतात असं केंद्र उभारायची अट त्या सौद्यात होती. २०१५ मध्ये ते सुरू झालं आणि एअर इंडियाकडे सोपवलं गेलं. विकत घेणाऱ्याच्या हातात जोर असतो तेव्हाच अट घालता येते. १८९६ मध्ये खदान इथली होती, पण तिचा परवाना देणारं सरकार आणि खोदणारी कंपनी दोन्ही एकाच गावची होती.

आपण ज्या गॅबॉनकडून दगड मागवतो, तिथे आज हाच प्रश्न धगधगतो आहे. मोआंदाची मँगनीज खाण कोमिलॉग चालवते आणि तिची प्रमुख मालक एरामेट ही फ्रेंच कंपनी आहे. गॅबॉनच्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं की १ जानेवारी २०२९ पासून कच्चं मँगनीज देशाबाहेर जाऊ द्यायचं नाही, प्रक्रिया तिथेच करायची. भट्ट्यांसाठी लागणारी वीज तेवढ्या वेळात कुठून आणायची, हा पेच अजून त्यांच्यापुढे आहे.