मोटारसायकलचा लांबचा प्रवास : कान, मनगट आणि कंबर

आपल्या वस्त्यांमधल्या बहुतेक गल्ल्यांत आज मोटारसायकली उभ्या दिसतात. कुणी हप्त्यावर घेतलेली, कुणी सेकंडहँड. त्याच गाडीवर रोजचे काम, त्याच गाडीवर गावी जाणे, लग्न, मयत. एसटीच्या आणि रेल्वेच्या गर्दीपेक्षा आपली गाडी बरी म्हणून तरुण पोरे शे-दोनशे किलोमीटर सहज मारतात. मुंबईहून नाशिक, धुळे, अकोला, अमरावती करत नागपूर गाठायचे तर आठशे किलोमीटरच्या वर होतात, तरी निघणारे निघतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे जुना रस्ता, घाट आणि ट्रकांची रांग हेच आपल्या वाट्याला येते. प्रवास लांबतो आणि त्याचा भार अंगावर येतो.

या पानासाठी आम्ही अशा लांब जाणाऱ्या गाडीवाल्यांशी आणि दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर काढणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांशी बोललो. तक्रारी त्याच त्याच निघाल्या. रात्री कानात शिट्टी वाजते. बोटांना मुंग्या येतात. कंबर धरते. आणि प्रत्येकाचे शेवटचे वाक्यही एकच: "आता सवय झाली."

या सवयीबद्दलच आज बोलायचे आहे. गाडीच्या आवाजाची सवय झाली असे वाटते, तेव्हा पुष्कळदा कान मंदावायला लागलेला असतो. बोटांच्या मुंग्या आणि कंबरेची कळ यांचेही तसेच आहे. यातला बराचसा त्रास थोड्या खर्चात टाळता येतो. पण आधी तो कुठून येतो ते समजून घ्यायला हवे.

आवाज इंजिनाचा कमी, वाऱ्याचा जास्त

आपल्याला वाटते की कान गाडीच्या फटफटीने दुखतात. गावातल्या वेगात ते खरे आहे. पण ताशी साठच्या आसपास वेग गेला की हेल्मेटभोवती घोंगावणारा वारा इंजिनावर मात करू लागतो. अशा वेगात हेल्मेटच्या आत कानाजवळ साधारण ९० डेसिबल आवाज असतो. वेग शंभराच्या पुढे गेला की तो शंभर डेसिबलच्या आसपास पोचतो. हेल्मेट बारीक, तीव्र आवाज थोडा अडवते. वाऱ्याचा जाड घुमणारा आवाज मात्र आत येतोच.

आता हिशेब पाहा. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. मुंबईहून धुळ्यापर्यंत गाडी दामटणाऱ्याने ही मर्यादा कितीदा ओलांडली असेल, ते ज्याचे त्याने मोजावे.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. मोठ्या आवाजाने त्या थकतात. म्हणून गाडीवरून उतरल्यावर ऐकू कमी येते, कान भरल्यासारखे वाटतात, शिट्टी वाजते. विश्रांती मिळाली तर बऱ्याचशा पेशी सावरतात. पण हे वारंवार झाले तर त्या मरतात, आणि मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. त्यावर औषध नाही. पहिल्यांदा बारीक आवाज जातात: पक्ष्यांचा, लहान मुलांचा, 'स' आणि 'फ' सारख्या अक्षरांचा. माणूस म्हणतो, ऐकू येते पण बोललेले कळत नाही.

मोठा आवाज नुसता कानालाच त्रास देतो असेही नाही. तासन् तास घोंगाट चालू राहिला की डोके जड होते, चिडचिड होते, लक्ष उडते. घाटात वळण घेताना त्याचीच भीती.

कानासाठी काय करावे

पहिली गोष्ट, आवाज होतो म्हणून हेल्मेट काढायचे नाही. उघड्या कानाला वारा जास्तच लागतो आणि जिवाचा धोका वेगळा. गाडी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. घेताना आयएसआय खूण पाहा. अर्ध्या हेल्मेटपेक्षा हनुवटीसकट पूर्ण तोंड झाकणारे घ्या. गालाला ते घट्ट बसले पाहिजे. पट्टा लावून डोके हलवले आणि हेल्मेट वेगळे डुलले, तर ते मोठे आहे. फोम दबून सैल झालेल्या जुन्या हेल्मेटमध्ये वारा खालून शिरतो. मानेभोवती सुती रुमाल नीट गुंडाळला तर ती फट बुजते. मात्र रुमालाची टोके शर्टाच्या आत खोचा, मोकळी फडफडू देऊ नका.

दुसरी गोष्ट, कानात घालायचे फोमचे बोळे म्हणजे इअरप्लग. मेडिकलमध्ये किंवा कारखान्यांसाठी हेल्मेट-हातमोजे विकणाऱ्या दुकानात मिळतात. जोडीला वडापावाएवढा खर्च येतो. हात स्वच्छ धुऊन बोळा दोन बोटांत वळून बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की वाऱ्याचा घोंगाट बराच खाली येतो, पण ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. पहिल्यांदा घालून थेट महामार्गावर जाऊ नका. कमी वर्दळीच्या रस्त्यावर हळू चालवून अंदाज घ्या. गावात, गर्दीत शिरताना काढून ठेवा. कापसाचा बोळा आवाज फारसा अडवत नाही. मोबाईलचे इअरफोन लावून गाणी ऐकणे तर उलटेच: वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवावा लागतो आणि रस्त्यावरचे लक्षही जाते. ज्यांचा कान वाहतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात काहीही घालू नये. तेलसुद्धा नाही.

तिसरी गोष्ट, पुढची काच. लांब जाण्यासाठी काही जण गाडीला विंडशील्ड बसवून घेतात आणि मग तक्रार करतात की आवाज वाढला, डोके हलते. याचे कारण साधे आहे. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा भोवरा होऊन नेमका हेल्मेटवर आपटतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात, नजर पुढे ठेवून मान थोडी खाली आणि मग थोडी वर करून पाहा. आवाज एकदम कमी झाला तर काचेची उंची तुम्हाला चुकीची आहे. काच थोडी खाली घेऊन, तिरकी करून किंवा सरळ काढून टाकून फरक पाहा. छातीवर सरळ येणारा स्वच्छ वारा हेल्मेटला आपटणाऱ्या भोवऱ्यापेक्षा परवडतो.

आणि चौथी गोष्ट फुकट आहे: वेग कमी करा. नव्वदवरून सत्तरवर आल्याने शंभर किलोमीटरला वीसेक मिनिटे जास्त लागतात, पण कानाला त्याचा मोठा आराम मिळतो.

गल्लीतला फटाका

गाडीचा मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवण्याची हौस आपल्याकडेही आली आहे. कायद्याने ८० ते १७५ सीसीच्या नव्या मोटारसायकलला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. कंपनीचा सायलेन्सर त्यासाठीच असतो. तो बदलला तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत.

मोठ्या आवाजाने पुढचा ट्रकवाला सावध होतो, असे पोरे सांगतात. पण सायलेन्सरचे तोंड मागे असते. आवाज मागे जातो, आणि पुढच्या गाडीच्या काचा बंद असतात. तो खरा पोचतो वस्तीत. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पत्र्याच्या भिंती, हातभर अंतरावरची दारे, आत तान्हे मूल, रात्रपाळी करून झोपलेला माणूस, रक्तदाबाची म्हातारी. त्यांची झोप मोडते ती एका गाडीने. कंपनीचा सायलेन्सर परत बसवावा आणि रात्री गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून गाडी ढकलत आणावी, एवढे तर आपल्या हातात आहे.

बोटांना मुंग्या

आपल्या बहुतेक गाड्यांचे इंजिन एकाच सिलिंडरचे असते. एकच पिस्टन वर-खाली होतो आणि त्याचा हादरा हँडलवाटे हातात येतो. घाबरून किंवा सवयीने मूठ घट्ट आवळली की हादरा अधिक शिरतो आणि मनगटातली नस दबते. अंगठा, पहिले आणि मधले बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधली नस दबत असते. करंगळीला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची.

मूठ सैल ठेवा. मनगट वर किंवा खाली मोडलेले नको. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या मेकॅनिककडून अशा फिरवून घ्या की बोटे त्यावर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत राहील. हादरे अचानक वाढले असतील तर दोष गाडीत आहे. सैल किंवा फार ताणलेली चेन, टायरमधली कमी-जास्त हवा, चाकाचा बॅलन्स, इंजिनाचे ढिले फाउंडेशन बोल्ट हे तपासून घ्या. हवा किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत असते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात ती जास्त लागते.

कंबर आणि मागे बसणारी

सीट मऊ म्हणजे चांगली, हा गैरसमज आहे. मऊ फोम तासाभरात दबतो आणि माणूस खालच्या पत्र्यावर बसतो. दाट फोम भरून घ्यावा, आणि सीट पुढे उतरती असेल तर सपाट करून घ्यावी. सामानाची जड पिशवी पाठीवर घेऊ नका. ती मागे घट्ट बांधा. मागे माणूस आणि सामान असेल तर मागचे शॉकअप एक-दोन खाचा कडक करून घ्या. खड्डा किंवा गतिरोधक आला की वेग कमी करा आणि फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उठा, म्हणजे दणका मणक्यात न जाता गुडघ्यात जिरतो.

मागे बसणाऱ्या बाईचा विचार कुणी करत नाही. एका बाजूला पाय टाकून चार तास बसले की कंबर सतत पिळलेली राहते. लांबच्या प्रवासात सलवार किंवा पँट घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणे कंबरेला आणि तोलालाही चांगले. साडी असेल तर पदर खोचलेला हवा. मागच्या चाकाचे निम्मे तरी झाकण, हाताला धरायची पकड आणि पाय ठेवायला फूटरेस्ट हे मोटारसायकलवर असलेच पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. दिसायला बरे नाही म्हणून साडीगार्ड काढून टाकलेली गाडी आई-बहिणीला न्यायला लायक नाही. लघवीला थांबावे लागेल म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, लघवीला जळजळ होते. थांबायची ठिकाणे निघण्याआधीच ठरवा. बरेच पेट्रोल पंप आणि एसटी स्थानके वाटेत असतात.

थांबण्याचा नियम सगळ्यांनाच लागू: तासाला किंवा साठ-सत्तर किलोमीटरला दहा मिनिटे. गाडीवरून उतरा, हेल्मेट काढा, चाला, कंबर मागे वाकवा, मुठी उघडा-मिटा, पाणी प्या. कानालाही तेवढीच शांतता मिळते. पहाटे दोन ते पाच झोप आवरत नाही, त्या वेळी गाडी चालवू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे

कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली, समोरचा माणूस पुटपुटतो असे वाटू लागले, तर श्रवणचाचणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात विचारा. मुंबईकरांसाठी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले तर त्याच दिवशी जा. उपचाराला उशीर झाला तर ऐकू परत येण्याची शक्यता कमी होत जाते.

बोटांच्या मुंग्यांनी रात्री जाग येते, हातातून कप निसटतो, थंडीत बोटे पांढरी पडतात, ही नस आणि रक्तवाहिन्यांची लक्षणे आहेत. कंबरेची कळ गुडघ्याच्या खाली उतरली, पाऊल उचलेना झाले तर दाखवा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

आणि घरच्यांनी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. गाडीवर पोट असलेला आपला मुलगा किंवा नवरा टीव्हीचा आवाज पूर्वीपेक्षा वाढवू लागला, हाक दोनदा मारावी लागू लागली, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला बहुधा स्वतःला ते कळलेले नसते. त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.