जुना गिअरबॉक्स घेताय? आधी जोड जुळवा, मग पैसे द्या

सकाळी साडेदहाला चाळीस डबे भरून तयार होते आणि आमची ओम्नी तिसऱ्या गिअरमध्ये जाईना. भिलाईच्या सेक्टरमधून पॉवर हाऊसपर्यंत दादाने ती दुसऱ्या गिअरवरच रखडत नेली. संध्याकाळी मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला आणि दाते झिजलेले गिअर बाबांच्या हातावर ठेवले. बाबा प्लांटमधून निवृत्त झाल्यापासून घर आईच्या डब्यांवर चालतं आणि डबे त्या व्हॅनवर. नवा गिअरबॉक्स परवडणारा नव्हता, म्हणून जुना घ्यायचं ठरलं.

दादाने दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या मालाच्या दुकानात फोन लावला. ‘‘मारुती का, ७९६ सीसी है ना? लग जाएगा,’’ पलीकडून उत्तर आलं. मोबाइलवर फोटो पाहिला, पैसे पाठवले. चार दिवसांनी आलेला गिअरबॉक्स मारुती ८०० चा निघाला. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता. मधल्या दिवसांत डबे पोहोचवायला रिक्षाचं भाडं गेलं ते वेगळंच.

इंजिन तेच, मग गिअरबॉक्स का नाही?

आमच्यासारखी चूक कुणाकडूनही होऊ शकते, कारण दुकानदाराचं बोलणं अर्धं खरं होतं. ओम्नी आणि मारुती ८००, दोन्हींत तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन आहे. पण ८०० मध्ये ते बॉनेटखाली आडवं बसतं आणि ताकद पुढच्या चाकांना मिळते. तिथे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात असतात आणि दोन्ही बाजूंनी चाकांकडे शाफ्ट जातात. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असतं. गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागच्या अॅक्सलपर्यंत जातो आणि डिफरन्शियल तिथे असतं. म्हणून एकाचा गिअरबॉक्स दुसऱ्यात बसत नाही.

नाव सारखं असलं तरी गाडी बदलते

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इतक्या वर्षांत कार्ब्युरेटरवाल्या गाड्या गेल्या, एमपीआय आल्या. त्यामुळे ‘ओम्नीचा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कोणत्या सालच्या गाडीतून काढला ते विचारा.

२०१० मध्ये आलेल्या इकोचंही तसंच आहे. आधी तिचं इंजिन ११९६ सीसी होतं, २०२२ च्या नोव्हेंबरपासून ११९७ सीसी झालं. फरक एका सीसीचा दिसतो, पण इंजिन पूर्ण वेगळं आहे. म्हणून तुमची गाडी नेमकी कोणती हे आरसीवरून पाहा. उत्पादनाचा महिना व वर्ष, चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदावर लिहूनच बाजारात जा.

दुकानात काय जुळवायचं?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे आपला बिघडलेला गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट सोबत नेणं. दोन्ही गिअरबॉक्स शेजारी ठेवा आणि मेकॅनिककडून हे तपासून घ्या :

• इंजिनला जोडणाऱ्या तोंडाचा आकार आणि बोल्टची भोकं. एक भोकही सरकलेलं असेल तर तो घेऊ नका.

• इनपुट शाफ्टवरच्या खाचा. तुमची क्लच प्लेट त्यावर सहज सरकून नीट बसली पाहिजे.

• प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो ते मागचं टोक आणि गिअरबॉक्सची एकूण लांबी.

• किती गिअरचा आहे आणि गिअर लिव्हरची जोडणी कुठे आहे.

• माउंटिंगची जागा, क्लच केबलची बाजू, रिव्हर्स लाइटच्या स्विचचा सॉकेट.

• स्पीडोमीटरची जोडणी. जुन्या गाड्यांत केबल असते, नव्यांत सेन्सर.

बसेल, पण चालेल का?

जोड जुळली म्हणजे माल चांगला आहे असं नाही. आधी बाहेरून पाहा. तडा, वेल्डिंगची खूण किंवा ऑइल सीलभोवती ओल दिसली तर सावध व्हा. मग न्यूट्रलमध्ये ठेवून इनपुट शाफ्ट हाताने फिरवा. मागचं टोक त्यासोबत जोराने फिरायला नको. नंतर एकेक गिअर टाकून फिरवा. प्रत्येक गिअर नीट पडला पाहिजे आणि रिव्हर्समध्ये मागचं टोक उलट फिरलं पाहिजे. शाफ्ट वर-खाली हलत असेल तर बेअरिंग गेली आहे असं समजा.

ऑइल काढून बघा. बारीक राखाडी गाळ चालतो, पण धातूचे तुकडे निघाले तर तो गिअरबॉक्स तिथेच सोडा.

बिल घ्याच

आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नंबर नसतो. त्यामुळे चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स विकणं सोपं जातं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून दुकानाचं नाव असलेलं पक्कं बिल मागा. कोणत्या मॉडेलच्या गाडीचा आहे आणि बसला नाही तर किती दिवसांत परत घेणार, हे त्यावर लिहून घ्या. जुन्या मालाची खरी परीक्षा गाडी रस्त्यावर धावल्यावरच होते, तोंडी शब्द तेव्हा कामाला येत नाही.

गिअरबॉक्स उतरलेला असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील तपासून घ्या, गरज असेल तर बदला. नाहीतर काही महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. ऑइल मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच भरा.

दुसऱ्या वेळी दादा आमच्या मेकॅनिकला सोबत घेऊन गेला. गोणीत जुना गिअरबॉक्स होता, खिशात आरसीची झेरॉक्स. तीन दुकानं फिरल्यावर क्लच प्लेट एका शाफ्टवर अलगद सरकली, तेव्हाच त्याने पैसे काढले. आता डबे पुन्हा वेळेवर पोहोचतात. ८०० चा तो गिअरबॉक्स अजून व्हरांड्यात पडून आहे. कुणी जुना पार्ट घ्यायचा म्हटलं की बाबा आधी त्याला तो दाखवतात.