नाटकाच्या मांडवातली गुणगुण

दिवाळी सरली, धान कापून झाले, की नवेगाव बांधच्या आसपासच्या गावांत शंकरपट भरतात आणि त्यांच्या जोडीने झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. तबला-पेटीच्या सोबतीला आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतात, क्वचित गिटारही दिसते. पडदा उघडण्यापूर्वी जरा कान द्या. कोणीही काही वाजवत नसते, तरी कर्ण्यांतून एक जाड 'हूंऽऽ' ऐकू येतो.

पेटी वाजवणाऱ्याला विचारा. हा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर आहे, असे तो सांगेल. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. गुणगुणीत हीच कंप्रता असते, किंवा तिची दुप्पट, १००. म्हणजे चोर विजेच्या तारांतूनच आला आहे. पण आत शिरला कोठून?

समजा, गिटारचा विवर्धक रंगमंचावरच्या सॉकेटला जोडला आहे आणि मिक्सर मांडवाच्या मागच्या टोकाला, दुसऱ्या सॉकेटला. दोघांच्याही प्लगला तीन पिना आहेत, म्हणजे दोघांच्याही पेट्या अर्थिंगला जोडलेल्या आहेत. मग दोघांमध्ये ध्वनीची केबल टाकली जाते. तिच्या आतल्या तारेतून ध्वनीचा संकेत जातो, आणि बाहेरचे जाळीदार आवरण दोन्ही पेट्यांना जोडलेले असते. आता बोट फिरवून पाहा : विवर्धकाची पेटी, केबलची जाळी, मिक्सरची पेटी, त्याची अर्थिंगची तार, आणि तेथून परत विवर्धक. तारेचे एक बंद वेटोळे तयार झाले!

बदलत्या चुंबकीय क्षेत्रात असे वेटोळे ठेवले की काय होते, हे फॅरडेने १८३१ मध्येच दाखवले. केबल २० मीटर लांब आणि अर्थिंगची तार तिच्यापासून अर्ध्या मीटरवर धरली, तर वेटोळ्याचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर होते. दिव्यांच्या तारांमुळे तेथे १ मायक्रोटेस्ला क्षेत्र असेल, तर २ × ३.१४ × ५० × ०.०००००१ × १० म्हणजे सुमारे ३ मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो. पृथ्वीचे क्षेत्र याच्या कितीतरी पट मोठे असते, पण ते स्थिर आहे म्हणून गुणगुणत नाही. हे ३ मिलिव्होल्ट जाळीतून प्रवाह ढकलतात, आणि जाळी तर संकेताचाही परतीचा रस्ता! त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळतात. शिवाय दोन सॉकेटांची अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीत गेली असेल, तर त्यांच्यातले विभवांतर आणखी भर घालते.

येथे अनेकजण एक सोपा उपाय करतात : प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते, कारण वेटोळे तुटते. भौतिकशास्त्र बरोबर, पण हे काम जिवावरचे आहे. गिटारच्या तारा केबलमार्फत विवर्धकाच्या पेटीलाच जोडलेल्या असतात. आत कोठे फेजची तार पेटीला टेकली, तर २३० व्होल्ट वादकाच्या बोटांत येतात आणि ओठ माईकला लागताच प्रवाहाला वाट मिळते. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. शरीरातून काही दशांश अँपिअरही जायला लागत नाही. त्याहून कमी प्रवाहानेही हृदयाची लय बिघडू शकते.

मग खरा उपाय कोणता? आधी सर्व उपकरणांना एकाच बोर्डावरून वीज द्या. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते. नाही भागले, तर संकेताच्या मार्गात एक छोटे रोहित्र घाला. त्याच्या दोन वेटोळ्यांत तारेचा संबंध नसतो. संकेत चुंबकीय क्षेत्रावाटे पलीकडे जातो, जाळी मात्र तेथे तुटते. ध्वनिव्यवस्थावाल्याच्या 'डी. आय. बॉक्स'मध्ये हेच असते. त्यावरचे 'ग्राउंड लिफ्ट' बटण फक्त संकेताची जाळी तोडते, विजेचे अर्थिंग शाबूत राहते.

मात्र प्रत्येक गुणगुण वेटोळ्याचीच नसते. वादक गिटार घेऊन जागेवर वळला आणि आवाज कमीजास्त झाला, तर दोष गिटारच्या पिकअपमधल्या वेटोळ्याकडे जातो. (गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये उलटसुलट जोडलेली दोन वेटोळी वापरून त्यावर तोड काढली.) मिक्सरचा आवाज शून्यावर आणून विवर्धकाची केबल उपसा आणि आवाज पुन्हा वाढवा. गुणगुण गेली, तर अर्थिंगचे वेटोळे शोधायला लागा. तशीच राहिली, तर पुढच्या पेटीतला एखादा संधारित्र थकला असण्याचा संभव आहे, आणि ती पेटी उघडणे मेकॅनिकचे काम.