कुठून सुटलं?

मुंबईत समुद्राजवळच्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये घोड्यावर उभं राहून एक मुलगा डोक्यावरच्या बीमला यंत्र लावतो आहे. बीमच्या तळाशी मजबुतीसाठी इपॉक्सीने डकवलेल्या कार्बन फायबरच्या पट्टीने बरेच पावसाळे काढलेत. पट्टी भेदून काँक्रीटमध्ये थोडी आतपर्यंत गोल खाच पाडली आहे आणि त्या गोलावर 50 मिलिमीटर व्यासाची धातूची चकती काल चिकटवली आहे. आता ती ओढून काढायची. मुलगा हँडल सावकाश फिरवतो, काटा चढत जातो आणि कटकन चकती हातात येते.

तो आकडा वाचतो: 1.6 मेगापास्कल. अमेरिकी काँक्रीट संस्थेची मार्गदर्शिका किमान 1.4 मागते, म्हणजे पास. पण ती आणखी एक गोष्ट मागते: तुटायला हवं ते काँक्रीट. म्हणून मी चकतीची पाठ बघतो. अर्ध्या भागावर खडीचे तुकडे अन् खरबरीत सिमेंट आहे. तिथे इपॉक्सीने पकड सोडलेली नाही. उरलेला अर्धा गुळगुळीत, चकचकीत. तिथे काँक्रीट शाबूत राहिलं आणि सांधा सुटला. मला काळजी या अर्ध्याची वाटते.

सुक्यात, नव्या कामात सहसा काँक्रीटच तुटतं. वर्षानुवर्षं ओल मुरली की पाणी इपॉक्सीत शिरून तिला मऊ करतं, शिवाय काँक्रीटच्या पृष्ठभागावरची तिची जागा स्वतः बळकावतं. साइटवरच्या तापमानाला सुकलेली इपॉक्सी साधारण 60 ते 82 अंश सेल्सिअसला नरम पडते. ओलीने ही मर्यादा आणखी खाली येते. सततच्या भाराचा धोका वेगळाच. 10 जुलै 2006 रोजी बोस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनल मोटारीवर कोसळून एक महिला दगावली. तिथे पट्ट्या नव्हत्या, इपॉक्सीत रोवलेले बोल्ट होते. कायमच्या ओढीखाली इपॉक्सी हळूहळू सरकत गेली आणि बोल्ट निसटले.

कार्बनच्या पट्ट्यांनी मजबूत केलेला पहिला पूल स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नजवळचा इबाख, 1991 चा. एवढ्या तरुण तंत्राची पट्टी एकदा लावून विसरून जाणं मला मान्य नाही. काम चालू असतानाच बाजूला, भार नसलेल्या जागी, त्याच इपॉक्सीने जादा तुकडे डकवून ठेवावेत, दर काही वर्षांनी ओढून बघायला. इथे ते नव्हते, म्हणून भार घेणारी पट्टीच भोकसावी लागली. मुलगा चकतीवर बीमचा नंबर लिहितो. अहवालात आकड्याशेजारी तिच्या पाठीचा फोटो लागेल आणि पुढच्या बीमवर तीन चकत्या लावायच्या आहेत.