शिल्लक कोणाची?

26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर चर्चा चालू होती. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. हिंदुस्थान सरकारच्या हिशेबात एवढा आकडा पूर्वी कधी आला नव्हता, त्यामुळे अभिनंदनाची भाषणे ओघानेच झाली. मुंबई इलाख्यातून नुकतेच निवडून आलेले पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले आणि म्हणाले, की या अभिनंदनात मला सामील होता येत नाही.

1896 आणि 1899 असे दोन मोठे दुष्काळ पडून गेले होते, प्लेगाने मुंबई-पुण्यात ठाण मांडले होते. अशा वर्षांत सरकारकडे सात कोटी उरतात, ते येतात कुठून? गोखल्यांनी उलगडून दाखवलेला हिशेब असा. रुपयाची किंमत घसरत तेरा पेन्सांवर आली, तेव्हा इंग्लंडात पौंडात चुकवायच्या देण्यांसाठी सरकारला एका पौंडामागे साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरायची म्हणून कर वाढले. पुढे टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला बंद करून रुपया सोळा पेन्सांवर चढवला गेला आणि तोच पौंड पंधरा रुपयांना पडू लागला. तूट गेली, कर मात्र जागच्या जागी राहिले. मग शिल्लक पडणारच! ही समृद्धीची खूण नव्हे, गरज संपल्यावरही चालू ठेवलेली वसुली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्या कायदेमंडळाला अधिकार किती होता, हे लक्षात घेतले तर या भाषणाचे वजन कळते. 1892 च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई. मत देता येत नसे, एक रुपयाही कमी-जास्त करा असा ठराव मांडता येत नसे. सरकारी सभासदांचे बहुमत तर कायमचे. अशा ठिकाणी आवाज चढवून काय होणार? उरतो तो आकडा, तोही सरकारच्याच छापील विवरणातून उचललेला, म्हणजे नाकारायची सोय नाही. गोखले फर्ग्युसन कॉलेजात शिकवत आले होते आणि त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून चालत होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल वाचायची शिस्त त्यांना लागली होती. आणि एक नाव सहसा घेतले जात नाही, ते गणेश व्यंकटेश जोशी यांचे. सोलापूरच्या हायस्कुलाचे हे हेडमास्तर जमाखर्चाच्या आकड्यांत मुरलेले होते. गोखले पत्रे लिहून त्यांच्याकडून टिपणे मागवत. व्हाइसरॉयच्या समोर अर्थसदस्याला अडचणीत आणणाऱ्या कित्येक आकड्यांची जुळणी सोलापुरात झाली आहे, ही गोष्ट मला त्या भाषणांइतकीच मोलाची वाटते.

सगळ्यात जास्त पाठपुरावा त्यांनी मिठाचा केला. 1888 पासून मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. श्रीमंताच्या आणि मजुराच्या पोटात मीठ जवळपास सारखेच जाते, त्यामुळे हा कर मिळकतीच्या मानाने गरिबालाच जड. कर वाढला की मिठाचा खप मंदावतो, म्हणजे माणसे गरजेपेक्षा कमी मीठ खातात, हे ते दर वर्षी मांडत. 1903 मध्ये कर दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीडवर, 1907 मध्ये एका रुपयावर. खप वाढला, तेव्हा तेही त्यांनी सभागृहाला सांगितले. 1903 मध्येच प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला पाचशे रुपयांवरून हजारावर गेली आणि छोटे कारकून-दुकानदार सुटले. ही मागणीही 1902 च्या भाषणातली. सगळे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे मात्र भाबडेपणाचे होईल. तिजोरी भरलेली होती, दुष्काळाची बदनामी होती आणि मिठावरचा कर कमी करा ही काँग्रेसची जुनी मागणी होती. देशी गिरण्यांच्या कापडावरचा साडेतीन टक्के कर, ज्यात लँकेशायरच्या इंग्रज गिरणीमालकांचा स्वार्थ गुंतला होता, तो त्यांच्या हयातीत हललाच नाही.

पण करकपात हा त्यांच्या मागणीचा अर्धाच भाग होता. उरलेला पैसा लष्कर, रेल्वे आणि कर्जफेड यांच्याकडे वळतो याला त्यांचा आक्षेप होता. ज्यांच्याकडून तो गोळा झाला त्यांच्या शाळांवर, आरोग्यावर तो खर्च व्हावा, हे पालुपद जवळजवळ प्रत्येक अर्थसंकल्पी भाषणात येते. म्हणून गोखल्यांची करांवरची भाषणे एका कप्प्यात आणि शिक्षणावरची दुसऱ्या कप्प्यात ठेवायची आपली सवय मला चुकीची वाटते. ते एकच गणित होते.

1909 च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा हक्क मिळाला. मार्च 1910 मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने ठराव मांडला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर मागे घेतला. 16 मार्च 1911 रोजी ते विधेयकच घेऊन आले. एकूण लोकसंख्येत प्राथमिक शाळेत जाणारे किती, याचे आकडे त्यांनी वाचून दाखवले: अमेरिकेत 21 टक्के, जपानात 11, बडोदे संस्थानात 5 आणि ब्रिटिश हिंदुस्थानात 1.9. बडोद्याचा आकडा मुद्दाम होता. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती सुरू करून 1906 मध्ये ती संस्थानभर नेली होती. हिंदी माणसाला हे झेपणार नाही, असे म्हणायला त्यामुळे जागा उरली नव्हती.

विधेयक मात्र फार सावध होते. सक्ती करायची की नाही हे नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवायचे आणि त्यालाही सरकारची मंजुरी घ्यायची. जिथे आधीच काही टक्के मुले शाळेत आहेत तिथेच ती लागू व्हायची. गोखल्यांच्या मनात हे प्रमाण 33 टक्के होते. सहा ते दहा वयाचे मुलगे आधी, मुली पुढे केव्हातरी. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने आणि दोन सरकारने उचलायचे. 1882 मध्ये हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. त्या सरळ मागणीपुढे हा मसुदा बिचकत चालणारा वाटतो. आपल्याला बहुमत नाही हे गोखले जाणून होते, म्हणून नकाराला लागणारे प्रत्येक निमित्त त्यांनी आधीच काढून टाकले होते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

तरी निमित्ते सापडलीच. 18 आणि 19 मार्च 1912 रोजी चर्चा झाली. प्रांतिक सरकारांचा विरोध आहे, लोकांकडून मागणी नाही, सक्तीशिवायही पुष्कळ करता येण्यासारखे आहे, ही शिक्षणसदस्य हारकोर्ट बटलर यांची बाजू. विरोध काही एकट्या इंग्रजांचा नव्हता. बरद्वानच्या महाराजांसारखे जमीनदारही विरोधात बोलले. पाठीशी उभे राहिलेल्यांत मदनमोहन मालवीय आणि महंमद अली जिना होते. पैसा कुठून आणायचा या प्रश्नावर जिनांनी स्पष्ट सांगितले, की गरज पडली तर लोकांवर कर बसवा. गोखल्यांनीही पाच टक्क्यांची आयात जकात साडेसात टक्के करण्याचा मार्ग सुचवला होता. दहा वर्षे कर कमी करा म्हणणारा माणूस शाळांसाठी कर वाढवा म्हणत होता, आणि त्यात विसंगती नव्हती.

विधेयक प्रवर समितीकडे पाठवायलाही सभागृह तयार झाले नाही. बाजूने 13 मते पडली, विरोधात 38. पुढच्या तीन वर्षांत गोखल्यांची प्रकृती ढासळत गेली आणि 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात ते गेले. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. केंद्राचा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अंमलात आला, गोखल्यांच्या ठरावाला शंभर वर्षे पुरी झाली त्याच सुमारास.

शिक्षणासाठी कर ही कल्पनाही रुजली. महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने आलेला शिक्षण उपकर शहरांतल्या मालमत्ता कराच्या बिलात दिसतो. केंद्राने 2004 मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी करांवर दोन टक्के उपकर लावला, 2007 मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का. या दुसऱ्या उपकराचा पैसा वर्षानुवर्षे गोळा होत राहिला. पण ज्या स्वतंत्र निधीत तो जायचा तो निधीच उभा राहिलेला नाही, यावर महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात बोट ठेवले. 2017 मध्ये मंत्रिमंडळाने त्या निधीला मंजुरी दिली, म्हणजे वसुली सुरू होऊन दहा वर्षे उलटल्यावर.